चाकावर न धरायची कात्री

आणि अब्बा, “शिकलगाराच्या घरात धार न लावायची कात्री पाठवतोस, बापाची थट्टा करतोस काय?” हे आता तरी बंद करा. अम्मीच्या हाताला हलकी पडावी म्हणून स्वयंपाकाची सिरॅमिकची पाठवली होती. तुम्ही ती नवीकोरी, सवयीने धारेच्या चाकावर धरलीत, टवका उडाला, आणि तेव्हापासून माझा फोन आला की अम्मीकडे देता.

असो. मी शहेजाद करीम शिकलगार, वय सव्वीस, राहणार कसबा पेठ, पुणे, सध्या मस्कतला हॉटेलच्या किचनमध्ये, डोकं ठिकाणावर ठेवून हे मृत्युपत्र लिहितो. मानेवर गाठ आली म्हणून लिहायला घेतलं होतं. काल रिपोर्ट आला : चरबीची साधी गाठ. सुटलो! पण अर्धं लिहिलेलं फाडवेना.

१. बँकेतली शिल्लक अम्मीची.

२. मोटारसायकल बहीण जिनतची. जावेदमामूंना चालवायला देऊ नये. आरसा फोडून आणली आणि वर म्हणाले, “आधीच फुटका होता.”

३. धारेच्या दुकानावर माझा हक्क नाही. एका जागी बसणं मला जमत नाही, त्यात तुमच्या चाकाचा दोष नाही.

४. ती सिरॅमिकची कात्री अब्बांना. अटी : वापरली की लगेच कोमट पाण्यात साबण लावून मऊ स्पंजने धुवावी, तारेची घासणी नको. स्क्रूपाशी मसाला अडकतो, तिथे जुना टूथब्रश फिरवावा. हळदीच्या डागाला खायचा सोडा. कोरडी पुसून टोपण घालावं. हाडं किंवा गोठलेलं मटण कापू नये, डब्याचं झाकण उचकटू नये. गंजणार नाही, पण फरशीवर पडली तर संपली. ~~चाकावर कधीही धरू नये.~~

शेवटची अट मीच खोडली आहे. काल रिपोर्ट सांगायला फोन केला तर तुम्ही स्वतः उचललात. सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, “बरं झालं. त्या कात्रीला धार कशाने लागते रे?”

इथे विचारलं. हिऱ्याच्या भुकटीचं चाक लागतं, पाणी सोडत, हलक्या हाताने. हात तुमच्याकडे आहेच.

साक्षीदार : सलिल (खोलीतला सोबती, वारज्याचा), उत्तरेश्वर (भाजी चिरणारा)
सही : शहेजाद
मस्कत, १४ नोव्हेंबर २०२५

चाक बोहरी आळीत विचारा. त्यासाठी आजच पाठवतोय : रुपये सहा हजार पाचशे.