वरचं शेत, खालचं शेत

३ सप्टेंबर, बुधवार

प्रेमला तिसरा दात! वरचा. माझ्या बोटाला चावून दाखवला आणि वर हसला. दहा महिन्यांचा नातू माझा, पण काय जोर!

दिपेश आणि कृतिका गणपतीला आलेले, आज गेले डोंबिवलीला. घर एकदम गप्प. कृतिका माझी सून, औषधांच्या दुकानात असते, ही वही तिनेच दिली. वर खोकल्याच्या औषधाचं चित्र आहे. "आई, मनातलं लिहा." मी तिसरीपर्यंत शिकलेली. पण लिहिते.

जाताना त्यांना तांदूळ काढून देत होते तर पिंप डुगडुगलं. कृतिका बोलली, "खाली काहीतरी घाला." घातलंय गं, म्हटलं! काळुरामच्या प्रफुल्लच्या लग्नाची पत्रिका आहे, पाकिटासकट. दोन वर्षं झाली, फोडली नाही. काळुराम माझा सख्खा दीर. अकरा वर्षं बोलणं नाही. माझ्या लेकीच्या, जागृतीच्या लग्नात पत्रिकेवर त्याचं नाव राहिलं — चूक छापणाऱ्याची — तो हळदीला आला नाही, मीही समजवायला गेले नाही. मग त्याच्या मुलाची पत्रिका मी कशाला वाचू? पाकीट जाडजूड आहे, पिंपाला इतके दिवस बरोबर बसलेलं.

कृतिका रविवारी परत येणार. शेतात उभं राहून मोबाईलवर भाताचा फोटो काढायचा, की सातबाऱ्यावर आपलं पीक लागतं. पीक पाहणी म्हणतात. आजवर राहूनच जायचं. यंदा पाहिजेच. रस्त्यापलीकडे गोदामवाले टेप घेऊन फिरतायत — शेतं मोजतात, आणि मोजलेलं शेत परत कोणी लावलेलं मी बघितलं नाही.

७ सप्टेंबर, रविवार

फोटो म्हणून हिरवी साडी नेसले. कृतिका हसून हसून बेजार. "आई, फोटो भाताचा काढायचाय!"

उंबराखाली उभ्या राहिलो. भात पोटरीत आलंय, कणसं निघायचीच बाकी, काय दिसतं! पण मोबाईल घेईना. म्हणतो, तुम्ही गटाच्या बाहेर आहात. मी म्हटलं, सांग त्याला, चौतीस वर्षं मी इथेच आहे! तर तो आम्हाला नकाशावर चालवत चालवत खाली नेतो, नदीकडे — काळुरामच्या भातात! तिथे पाय ठेवला आणि लगेच बरोबरची खूण.

मी बांधावरच बसले. सगळं आठवलं.

भावाभावांच्या वाटणीत आमच्या ह्यांना नदीकडचं शेत आलेलं, काळुरामला उंबराचं. दिपेश पोटात होता त्या वर्षी नदीने सगळं भात नेलं. त्यातच ह्यांचा पाय मोडला. काळुराम दारात उभा राहून बोलला, "वयनी, तुमी वरचा घ्या, खालचा मी बगतो." झालं! कागद नाही, साक्षीदार नाही. हे गेल्यावर माझं नाव लागलं ते खालच्याच शेताला. मी सातबारा देवाच्या फोटोमागे ठेवला. गट नंबर कोण बघतो? पायाला शेत माहीत असतं.

मी तर शहरातली, टेंभी नाक्याची. लग्न होऊन आले तेव्हा गवत म्हणून मूठभर रोपं उपटलेली! काळुरामने काही न बोलता परत लावली. सासूला सांगितलंसुद्धा नाही. हे आजच का आठवावं?

८ सप्टेंबर

दिपेशचा फोन. "आई, म्हणजे उंबराचं शेत कागदावर काळूकाकाचं. उद्या प्रफुल्लने गोदामवाल्याला दिलं तर तू काय करणार?" मागे प्रेम ओरडत होता — आ आ आ! मी त्याच्याशीच बोलले.

१० सप्टेंबर, बुधवार

तलाठी मॅडमकडे गेलेली. नवीन आहेत, दिपेशपेक्षा लहान. शांतपणे ऐकलं. "मावशी, तुमच्यासारखे खूप आहेत. सरकारची सलोखा योजना त्याच्यासाठीच आहे. बारा वर्षांच्या वर एकमेकांची जमीन कसताय ना? पंचनामा करू, शेजारी सांगतील, अदलाबदलीचा कागद होईल. पण दोघांची सही पाहिजे. एक जरी नाही म्हणाला तर माझ्या हातात काही नाही."

आता बघा. रस्त्याकडचं चांगलं शेत कागदावर त्याचं. नदीत जाणारं माझं. त्याने सही का करावी? त्याने नुसतं गप्प बसायचंय!

मी त्याच्या जागी असते तर केली असती? इथे कोण वाचतंय, म्हणून खरं लिहिते — माहीत नाही.

११ सप्टेंबर

चहा दोनदा उतू गेला.

१३ सप्टेंबर, शनिवार

शहाड स्टेशनजवळ भाजीवाल्याकडे सरोज भेटली. काळुरामची बायको, माझी जाऊ. दोघी एकाच ढिगातले दोडके निवडतोय आणि तोंडं दोन दिशांना! शेवटी मीच म्हटलं, "सरोज, बरी आहेस ना?"

"आम्ही बरेच आहोत. कोणी काही विचारलं तर हो की नाही, तेवढं तरी सांगतो."

हे कुठलं? मला कोणी कधी काय विचारलं? घरी येईपर्यंत तेच घोळत होतं. पिशवी उघडली तर दोडके नाहीतच, कारली!

१६ सप्टेंबर, मंगळवार

गेले एकदाची. अकरा वर्षांनी त्या ओट्यावर. काळुराम किती वाळलाय! सरोजने पाणी दिलं, भांडं जरा आपटूनच.

मी सांगितलं सगळं — मोबाईल, मॅडम, सलोखा. प्रफुल्ल दारातून बोलला, "काकू, कागद तुझ्या बाजूने असता तर आलेली असतीस?"

काळुराम बोलला, "वयनी, आता का इचारता? मी माझी सही कवाच दिली."

"कोणाला?"

"तुमाला! ती योजना निघाली त्याच वर्साला. लिहून, सही करून, याच्या पत्रिकेसंग पाठवला. हा तुमच्या दारात ठेवून आला. दोन वर्सं वाट बगली. मला वाटला, वयनीला मंजूर नाय."

"आणि गोदामवाले?"

"येतात. मी सांगतो, शेत वयनीचा हाय, तिला इचारा."

घरी कशी आले आठवत नाही.

१६ तारीखच, संध्याकाळ

अर्धे तांदूळ उपसले तेव्हा पिंप सरकलं. पाकीट चपटं झालंय. आत कागद — काळुरामची वाकडी सही, शेजारी माझ्या सहीची जागा कोरी. आणि पत्रिका. निमंत्रकांत सगळ्यात वर ह्यांचं नाव, कै. लावून. मग माझं. काळुरामचं तिसरं.

सही केली. पिंप डुगडुगतंय. डुगडुगू दे.