अकराव्या मजल्यावरची तुझी खोली

आई, तुझी खोली आता तुला ओळखू यायची नाही. भिंतींना करड्या रंगाचा कागद लावलाय, खाली संगमरवरासारखी दिसणारी मोठी फरशी आहे, वर फॉल्स सिलिंग आणि त्यात लपवलेले दिवे. तुझा पलंग होता तिथे काचेचं टेबल आहे आणि टेबलावर वाडग्यात प्लास्टिकची लिंबं. खरी ठेवली तर सुकतात, असं एजंट म्हणाला. फ्लॅट विकायचा तर तो नवाकोरा दिसला पाहिजे, म्हणून आम्ही सगळं घर उकलून पुन्हा बांधून घेतलं, आणि आता त्याच घरात पाहुण्यासारखे अंग चोरून वावरतो. बघायला माणसं यायची असली की फोडणी द्यायची नाही, वास राहतो. गॅलरीत टॉवेल वाळत घालायचा नाही. देवघराची दारं लावून घ्यायची. मी आपली सकाळीच कुकर लावते आणि आम्ही दोघं दहीभात खाऊन, ओटा पुसून, शहाण्या मुलांसारखे सोफ्यावर बसून राहतो. तुझे जावई म्हणतात, "आपण मालक की भाडेकरू, ते एकदा त्या एजंटला विचारून घे."

विकतोय ते त्यांच्यासाठीच. तू गेलीस तेव्हा ते कसे होते ते तुला माहीत आहे, एका हातात सिलिंडर उचलणारा माणूस. मागच्या वर्षी अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांचा उजवा हात-पाय गेला. पाय बराचसा परत आला, पण नंतर एकदा वीज गेली आणि ते लिफ्टमध्ये अडकले. अंधारात, काठीला धरून, एकटे. बाहेर काढलं तेव्हा त्यांचा शर्ट घामाने चिंब झाला होता. त्या दिवसापासून ते खाली उतरायचेच थांबले. गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या भाजीच्या गाडीवाल्याकडे बघत बसतात, आणि तो काय ओरडतोय ते इथवर ऐकू येत नाही म्हणून चिडतात. संध्याकाळी सटाण्याला त्यांच्या भावाला फोन लावतात आणि मला कळणार नाही असं समजून अहिराणीत सांगतात, "आठे बोलाले कोनी नई शे, भाऊ." इथे बोलायला कोणी नाही, एवढी अहिराणी इतक्या वर्षांच्या संसारात मला कळणार नाही, हे त्यांना कसं वाटतं कोण जाणे. भावाच्या शेजारचं घर रिकामं आहे. बैठं घर, पुढे ओटा, येणारा-जाणारा दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नाही. त्यांना तिथे न्यायचं आहे. हा फ्लॅट विकल्याशिवाय ते होत नाही.

तर एजंट. पोरगा वाईट नाही, मला काकू म्हणतो, चपला बाहेर काढतो. पण पहिल्याच दिवशी त्याने घरभर फिरून फोटो काढले आणि जाता जाता आवाज खाली करून विचारलं, "काकू, घरात कोणी गेलेलं नाही ना?" मी म्हटलं, माझी आई गेली. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "कोणी विचारलं तर हॉस्पिटलमध्ये गेल्या म्हणा. लोकांच्या मनात उगाच राहतं. एवढा भारी फ्लॅट, गोदावरीचा व्ह्यू, आणि एवढ्याशा गोष्टीवरून गिऱ्हाईक परत जातं." मी मान डोलावली. पण तो गेल्यावर मला आपलं पंचवटीतलं अंगणच दिसायला लागलं.

बाबांच्या मागे तू दोन खोल्या यात्रेकरूंना द्यायला लागलीस, तेव्हा मी दुसरी-तिसरीत असेन. रामकुंडावर अस्थी विसर्जनाला लांबलांबून माणसं यायची. रात्रभर एसटीत बसून आलेली, डोळे सुजलेली, हातात फडक्यात बांधलेलं मडकं. अस्थी घरात आणायच्या नाहीत हा रिवाज, आणि लॉजवाले तर दारातही उभे करायचे नाहीत. तू अंगणातल्या पेरूची एक आडवी फांदी त्यांच्यासाठी राखून ठेवली होतीस. ते गाठोडं फांदीला बांधून झालं की तू आधी त्यांना हातपाय धुवायला पाणी द्यायचीस, मग चहा, मग जेवायला वाढायचीस. जेवणार का, असं कधी विचारायचं नाही, ताट वाढूनच पुढे ठेवायचं, कारण दुःखातला माणूस नको म्हणतो, असं तू सांगायचीस. मला मात्र त्या झाडाची भयंकर भीती. त्याचे पेरू मी तोंडाला लावत नसे. एकदा एक म्हातारे आजोबा आपल्या बायकोच्या अस्थी घेऊन आले होते, त्यांनी मला खाली पडलेला एक पिकलेला पेरू उचलून दिला. मी त्यांच्या तोंडावर म्हटलं, "मला नको, त्या झाडाला मेलेलं माणूस टांगलंय."

तू मला स्वयंपाकघरात नेलंस, दार लोटलंस आणि पीठ मळता मळताच बोलायला लागलीस. मी अजून तिथेच उभी आहे, चुलीचा धूर डोळ्यांत जातोय, आणि तुझे हात थांबत नाहीत. "तुझ्या बापाची भीती वाटते का तुला?" मी मान हलवली. "का नाही वाटत?" मी म्हटलं, ते आपले आहेत. "मग ती त्या आजोबांची नाही का? एवढी वर्षं त्यांना भाकरी करून घातली तिनं, आणि आता तिला काय रस्त्यावर ठेवायचं?" मग तू मला त्या आजोबांच्या पंगतीला, अगदी त्यांच्याच पाटाला पाट लावून बसवलंस. ते जेवले नाहीत फारसे, पण माझ्या पानात लोणचं वाढायला तुला त्यांनीच सांगितलं. मला ते जेवण अजून आठवतं, आणि तेव्हा तुझा केवढा राग आला होता तेही.

अशी तू, या अकराव्या मजल्यावर आलीस ती पाट काखेत मारून. डायनिंग टेबलाला हात लावला नाहीस. दार उघडं टाकून बसायचीस आणि विचारायचीस, "काय गं, इथे माणसं राहतात की नुसती कुलपं?" वॉचमनला तू थालीपीठ पाठवायचीस आणि सोसायटीचे सेक्रेटरी मला नियम ऐकवायचे. आणि ती शेवटची दुपार. तू आमटीभात खाल्लास, "जरा पडते" म्हणालीस. मी तुझ्या उशाशी मटार सोलत बसले आणि कामवालीच्या रजेपासून जाऊबाईंच्या टोमण्यांपर्यंत सगळं तुला सांगत होते. तू हूं हूं करत होतीस. मग कधीतरी तुझं हूं थांबलं. मला वाटलं डोळा लागला. मी बोलतच राहिले, आई. शेंगा संपेपर्यंत बोलत राहिले. आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही मी त्या खोलीत कधी बोलायची थांबले नाही. कपड्यांच्या घड्या घालताना, गोळ्या काढून ठेवताना. भिंतीला कागद लावला त्या दिवशी तर तो किती भिकार दिसतोय ते तुलाच सांगितलं.

परवा एक कुटुंब बघायला आलं. नवरा-बायको दोघंही नोकरीवाली, आणि त्यांच्याबरोबर नवऱ्याची आई, हरसूलकडची, नऊवारी, अनवाणी. जुना फ्लॅट असून इतका सुंदर केलाय, असं सून दोनदा म्हणाली. त्यांना सगळं पसंत पडल्याचं दिसत होतं. एजंट खूश होता. तुझ्या खोलीत आल्यावर सुनेने मला जरा बाजूला घेतलं. "काकू, राग मानू नका, पण विचारायला हवं. या घरात कोणी गेलंय का?" एजंट खोकला. दारात काठी टेकून तुझे जावई उभे होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर सटाण्याचं घर मला स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, "हो. माझी आई. याच खोलीत."

एजंटने कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. मग ती म्हातारी पुढे आली. "तरास झाला का तिला?" नाही म्हटलं, दुपारी जेवून पडली होती. "जवळ कोण व्हतं?" मी म्हटलं, मी होते, मटार सोलत. तिने त्या कागद लावलेल्या भिंतीवर तळवा ठेवला. "लय नशिबाची हाय ती बाई," ती म्हणाली, "लेक जवळ व्हती." आणि मुलाकडे वळून, "मला हीच खोली दे रे."

व्यवहार ठरला. काल तुझे जावई माझा हात धरून लिफ्टने खाली गेले, डोळे मिटून, पण गेले. भाजीवाल्याशी भरपूर बोलले, नको असलेली मेथी घेऊन आले. वर आल्यावर म्हणाले, "तू खरं बोललीस. आईची लेक शोभतेस." एवढं कौतुक त्यांनी माझं कधी केलं नव्हतं, मी ते गुपचूप घेतलं. आता सामान बांधायला काढलंय. पाट बरोबर नेणार आहे, लिंबं त्यांनाच ठेवते. हे तुला लिहितेय तो कागद कुठे पाठवायचा नाही, कपबश्या गुंडाळायला लागतील त्यातच तो जाईल. पण त्याआधी तुला एकटीला सांगते. मी खरं बोलले ते तुझ्या शिकवणीमुळे नाही. मला वाटलं, हे ऐकून ती माणसं उठून जातील, आणि तुझी खोली माझ्याकडे राहील.