बारा राष्ट्रीय प्रश्न आणि एक झाकण

प्रिय मामा,

भाच्याचा तुम्हाला आणि मामींना प्रभूमध्ये सप्रेम सलाम. इकडे आम्ही खुशाल आहोत (म्हणजे बायको खुशाल आहे, आणि मीही खुशाल आहे असं तिचं म्हणणं आहे). तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात लिहिलं होतं तुम्ही, की प्रार्थनेला गुडघे टेकले तर उठवायला दोन माणसं लागतात, म्हणून हल्ली खुर्चीत बसूनच प्रार्थना करतो. त्याचं मनाला लावून घेऊ नका. आमच्या मंडळीत गुडघे धडधाकट असलेलेही सगळे खुर्चीत बसूनच करतात. मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. हे पत्र त्यांनी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही, फक्त शेवटची पुरवणी तुमची तुम्ही वाचा.

धाकट्या मावशीचा फोन आला असेलच. तुमचा भाचा राष्ट्रीय प्रार्थनेच्या रविवारी भर दुपारी चर्चच्या आवारात गटाराच्या झाकणावर जाऊन बसला आणि दोन तास उठला नाही, असं तिने सांगितलं असेल. मावशीच्या बातमीत दोन चुका आहेत. दुपार नव्हती, सकाळ होती. आणि दोन तास नव्हे, साडेतीन तास. बाकी सगळं खरं आहे. इथल्या पाळकपदावरून निवृत्त होताना तुम्ही मला दिलेला राखाडी कोट त्या दिवशी माझ्या अंगावर होता, ही खरी दुःखाची गोष्ट, आणि तिच्याबद्दल माफी मागायलाच मी हे पत्र लिहायला घेतलं आहे. पण कोटापर्यंत पोचायचं तर आधी राष्ट्रापासून सुरुवात करावी लागेल.

तुमच्या नंतर मंडळीने एक समिती काढली. वर्षातून एका रविवारी आम्ही राष्ट्रासाठी प्रार्थना करतो. त्याआधी महिनाभर दाराशी एक पेटी ठेवतात, लोक तिच्यात आपापल्या मते राष्ट्रापुढचे जे प्रश्न असतील त्यांच्या चिठ्ठ्या टाकतात, आणि समिती त्यातून बारा प्रश्न निवडते. बाराच का, तर प्रत्येकाला एक मिनिट धरलं की बरोबर बारा मिनिटं होतात, आणि तेराव्या मिनिटाला लोक घड्याळं बघायला लागतात. (प्रभूचे शिष्यही बाराच होते, असं खजिनदार म्हणाले. त्यातला एक कसा निघाला, हे कुणी काढलं नाही.) मी समितीचा चिटणीस, कारण टपाल छाटण्यात माझी बावीस वर्षं गेली आणि कुणाचंही अक्षर मला लागतं. चेहरा विसरेन, पण एकदा पाहिलेलं अक्षर विसरणार नाही. आमच्या खात्यात याला गुण म्हणत नाहीत, पण तोटाही धरत नाहीत.

यंदा एकशे चाळीस चिठ्ठ्या आल्या. मामा, माणसाला राष्ट्राची चिंता कुठून लागते हे बघायचं असेल तर त्या पेटीत बघावं. समितीतल्या मुख्याध्यापिकाबाईंच्या मते राष्ट्रापुढचा पहिला प्रश्न तरुणांच्या हातातले मोबाइल हा होता, आणि सीमांचं रक्षण दुसरा, कारण सीमेवर निदान कोणीतरी लक्ष ठेवून असतं. खजिनदारांनी भ्रष्टाचार अकराव्या क्रमांकावर घेतला (ते स्वतः इमारतींची कंत्राटं घेतात, त्यामुळे या विषयावर त्यांचं मत जाणकाराचं धरतात). अवकाश मोहिमा चौथ्या आल्या, वृत्तवाहिन्यांची भाषा सातवी. या क्रमावरून तीन बैठका झाल्या आणि दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. त्या दोघांचा प्रश्न पाचवा होता, समाजातला सलोखा.

एक चिठ्ठी तेरावी राहिली. सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर जाड निळ्या पेन्सिलीने लिहिलेली, खाली सही नाही. मजकूर एवढाच: माणसाला गटारात उतरवू नये, माझा भाऊ उतरला तो वर आला नाही. चिठ्ठी हातोहात टेबलाभर फिरली. मग मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या की विषय हृदयद्रावक आहे, पण स्थानिक आहे, नगरपालिकेचा आहे. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आमच्या समितीत स्थानिक आणि राष्ट्रीय यांची वाटणी तशी सोपी आहे: ज्याने छाती भरून येते ते राष्ट्रीय, ज्याने नाक मुरडावं लागतं ते स्थानिक. मी यादी टाइप केली तेव्हा बारा प्रश्न मावून खाली दोन ओळींची जागा उरली होती. तिथे मी एक वेलबुट्टी काढली. ती छान आली होती.

आणि रविवारी सकाळी साडेआठला चर्चचं गटार तुंबलं. नुसतं तुंबलं असतं तर मी ते वेलबुट्टीखाली झाकलं असतं, पण पाणी उलटं चढून स्वच्छतागृहांतून व्हरांड्यात आलं, आणि दहा वाजता एका मोठ्या खात्याचे मोठे अधिकारी प्रमुख पाहुणे म्हणून यायचे होते. खजिनदारांनी स्वच्छतागृहांना कुलूप लावलं, फिनेल शिंपडलं आणि फोन केला. नऊला एक माणूस दोरी आणि बादली घेऊन आला. चेहरा ओळखीचा होता. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसणारा, शेवटचं गीत सुरू झालं की उठून जाणारा. आम्हाला वाटायचं घाईचा माणूस असेल. (भक्तीनंतर दारात सगळे एकमेकांचा हात हातात घेतात, तेव्हा लोकांची पंचाईत नको म्हणून तो आधी जायचा. हे मला दुपारी कळलं.)

लाउडस्पीकर चोरीला गेल्यापासून कामावर येणाऱ्या प्रत्येकाने फाटकावरच्या वहीत नोंद करायची, असा आमच्याकडे नियम आहे. त्याने कानावरची पेन्सिल काढली, पाइपांवर खुणा करायची जाड निळी पेन्सिल, आणि 'काम' या रकान्यात लिहिलं: खाली उतरणे. मी टॉर्च घेऊन शेजारी उभा होतो. मामा, टपालात बावीस वर्षं काढल्याचा मला पहिल्यांदा पश्चात्ताप झाला. ते अक्षर न ओळखता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्याने चपला काढून बाजूला नीट जोडून ठेवल्या. पहारीने झाकण सरकवलं. मी विचारलं की पेटीत चिठ्ठी तुम्हीच टाकली होती का. तो दोरीला गाठ मारता मारता म्हणाला,

"टाकली होती साहेब. वाचली का कुणी?"

"वाचली."

"मग?"

या 'मग'चं उत्तर आमच्या इतिवृत्तात आहे, पान सहा, परिच्छेद चार. शौर्य वगैरे माझ्या अंगात नाही हे तुम्ही लहानपणापासून जाणता. बेडूक दिसला तरी मी पलंगावर चढत असे. मी एवढंच केलं की पायाने ते झाकण परत भोकावर ढकललं, आणि दुसरं काही सुचेना म्हणून त्यावर बसलो. खजिनदार आधी हसले. मग समजावू लागले. मग म्हणाले की मी मंडळीची आणि राष्ट्राची अब्रू घालवतो आहे. मी म्हटलं, राष्ट्राची यादी व्यासपीठावर ठेवली आहे, तेवढी वाचून घ्या. बायको येऊन बघून गेली. मला वाटलं ती हाताला धरून उठवेल, तर ती घरी जाऊन माझ्यासाठी उशी घेऊन आली. इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई मला कळली आहे असं मी समजत होतो.

आत भक्ती सुरू झाली. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. धाकट्या पाळकांनी संदेशासाठी नेमकी तीच गोष्ट निवडली होती, वाटेत जखमी होऊन पडलेल्या माणसाची, ज्याच्या बाजूने देवाची माणसं पुढे निघून जातात. फार छान बोलले. मग प्रमुख पाहुणे उभे राहिले. विषय 'प्रगतीच्या वाटेवर आपलं राष्ट्र', वेळ चाळीस मिनिटं. पण पाहुण्यांना साखरेचा आजार, वर सकाळी तीन ठिकाणी सत्काराचा चहा झालेला. एकोणिसाव्या मिनिटाला राष्ट्र थांबलं. खजिनदार त्यांना घेऊन बाहेर धावले, दोन्ही कुलपांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बाजूला बसलेल्या त्या माणसाकडे बघितलं. तो उठला, म्हणाला माझं घर मागच्याच गल्लीत आहे, चला.

पाहुण्यांमागून गायनमंडळ गेलं, मग म्हातारी माणसं, मग लाज सोडून सगळेच. बारा वाजेपर्यंत त्याच्या दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत रांग लागली होती. त्याची बायको दारात बादली भरून देत होती आणि प्रत्येकाला 'या, बसा' म्हणत होती. बसायला दोनच खुर्च्या होत्या. भिंतीवर त्या भावाचा फोटो होता, तो रांगेतल्या सगळ्यांना दिसत होता, कारण रांग त्याच्या समोरूनच जात होती. मुख्याध्यापिकाबाई परत येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. पण त्या म्हणाल्या की ते घर आपल्या कार्यालयापेक्षा स्वच्छ आहे, आणि रडायला लागल्या. पाहुण्यांनी परतल्यावर उरलेली प्रगती सात मिनिटांत आटोपली.

साडेबाराला लोक पांगले आणि मी उठलो. त्या माणसाने मला पाणी दिलं. मला वाटलं आता तो माझे आभार मानेल (माणसाला असं वाटतं). तो म्हणाला,

"आज बसलात साहेब. पुढच्या खेपेला?"

तर अशी कोटाची कथा. झाकणाचा गंज, फिनेल आणि आणखी जे काही होतं ते धुऊन निघत नाही. मोठ्या मनाने क्षमा करावी. मामींच्या डोळ्याला जपा.

तुमचा भाचा

ता. क. कोटाबद्दल तुम्ही रागावणार नाही हे मला माहीत आहे. पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही.

आणखी ता. क. मंगळवारी नगरपालिकेची गाळ उपसायची गाडी आली. तिला माणूस उतरवावा लागत नाही, पाइप टाकला की काम होतं. पण ती आत येईना. फाटकावर तुमच्या निरोपाच्या वेळी मंडळीने उभारलेली कमान आहे, आणि कमानीखाली तुमच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. गाडी नेमकी त्या पाटीला अडते. पाटी काढली तर सहज जाते, ड्रायव्हरने टेपने मोजून दाखवलं. पण समितीने एकमताने ठरवलं (मुख्याध्यापिकाबाई गैरहजर, मी बडतर्फ) की देवाच्या सेवकाची पाटी उतरवणं हा त्याचा अपमान आहे; त्यापेक्षा शुक्रवारी सकाळी सातला, अपवाद म्हणून, माणूस उतरवावा. तो नाही आला तर त्याच्या गल्लीतला दुसरा. तुमच्या शब्दाबाहेर इथे अजून कुणी नाही. पाटी काढा, एवढ्या दोन शब्दांची चिठ्ठी तुमच्या हाताने लिहून, हे पत्र घेऊन येणाऱ्या माणसाच्याच हाती गुरुवारपर्यंत पाठवा. मी तोवर झाकणावर बसायला तयार आहे, पण दुसरा कोट माझ्याकडे नाही.

शेवटची पुरवणी (ही मामींना वाचू देऊ नका). त्या रविवारी संध्याकाळी मी मंडळीची घरभेटीची वही काढली. त्या माणसाचं घर तिच्यात आहे. तुमच्या इथल्या शेवटच्या वर्षी त्याच्या नावापुढे तुमच्या सुंदर अक्षरात लिहिलं आहे: पुढच्या महिन्यात जाणे. मला फार राग आला, मामा, तुमचा. म्हणून पानं उलटत गेलो. पुढच्या नऊ वर्षांच्या नऊ नोंदी एकाच हाताच्या आहेत, आणि प्रत्येकीत लिहिलं आहे: वरीलप्रमाणे. अक्षर माझं आहे.