क्रेन क्षणभर थांबते

ती. आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. मी ठणठणीत आहे, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. गुडघा कसा आहे?

गोदीतली क्रेन आता माणसाशिवाय चालते. ओझं या घडीला कुठे आहे, किती वेगाने झुलतंय, एवढं कळलं की पुढे काय करायचं ते संगणकातलं गणितच ठरवतं. मागचं काही आठवावं लागत नाही. हे गणित मी बसवलं ते आधी ही क्रेन चालवणाऱ्या, आम्ही सगळे मामा म्हणायचो त्यांचा हात बघून. मामा हिवाळ्यात गेले.

ओझं टेकवण्याआधी क्रेन क्षणभर थांबते. खालची माणसं बाजूला व्हावीत म्हणून मामा थांबायचे, तशीच. साहेब म्हणाले, "वेळ खातेय. काढून टाक ते."

मी काढायलाच निघालो होतो, तर कुंपणाशी मामांच्या घरच्या, मामी उभ्या. क्रेन थांबली तशा हळूच म्हणाल्या, "हे थांबणं यांचंच. रोज बघायला येते मी."

साहेबांना सांगितलं, "हे माझ्याच्याने होणार नाही." ते चिडले, पण राहू दिलं.

आता ओझं अधांतरी थांबलं की माझी नजर रिकाम्या केबिनकडे जाते. झोप जरा कमी लागते, एवढंच.

बाबांची खुर्ची अजून खिडकीशीच आहे ना? कोणी काही म्हणो, हलवू नकोस.

तुझा,
धाकटा