राजलक्ष्मी आत्याला समजावण्याचा वृत्तांत, विशेषणांसह

माधवगंज, लष्कर, ग्वाल्हेर
जानेवारी अखेर

तीर्थरूप शरच्चंद्रकाकांच्या चरणी पुतण्या गोविंदचा दंडवत.

तुमची तबियत कशी आहे? पुण्यात थंडी पडली म्हणून तुम्ही दोन दोन स्वेटर चढवून बसता, असं काकूंकडून कळलं. इथे आम्ही रजईतून बाहेर न पडता ऑफिसात पोचायची काही सोय आहे का, ते बघतो आहोत. तुमची सून अवंतिका आणि नात गरिमा मजेत. तुमचा रक्तदाब आटोक्यात असेल तरच पुढे वाचावं. नसेल तर पत्र काकूंकडे द्यावं, त्या सोसवेल तेवढंच वाचून दाखवतील.

दिवाळीनंतर तुम्ही मला फोनवर हुकूम सोडलात की, तुमच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या राजलक्ष्मी आत्याला, सत्तरीत मोटार चालवायला शिकण्याचं आणि इथल्या व्यापार मेळ्यात टॅक्सवर सूट मिळते म्हणून स्वतःची गाडी घेण्याचं जे खूळ लागलंय, ते तिच्या डोक्यातून काढ. मी गेलो. एकदा नाही, पुष्कळदा गेलो. (दर वेळी तिळाची गजक मिळाली, पण त्याचा माझ्या निष्ठेवर काही परिणाम झाला नाही.) अडचण अशी की, आत्याने जन्मभर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. समोरचा बोलायला लागला की ती डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकते आणि मग शेरा मारते. शेरा एकाच शब्दाचा, तोही इंग्रजी.

पहिल्या दिवशी मी तिच्या गुडघ्यांचा विषय काढला. चांगला मन लावून बोललो. ती म्हणाली, "अनकन्व्हिन्सिंग." म्हणजे पटत नाही. गुडघे जिना चढताना दुखतात, गाडीत मी बसलेलीच असणार, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या खेपेला मी महाराज बाड्यावरची गर्दी वर्णन करून सांगितली, तर "फीबल." अशक्त, लेकरू उभंच राहत नाही तसा. गर्दी आहे म्हणून तू स्कूटर विकलीस का, असं वर विचारलं. मग मी म्हटलं, ऑटो दारात येतो की! तो मुद्दा "फ्लिम्झी" निघाला. जुनी मलमल उजेडात धरली की आरपार दिसतं, तसा. (त्याच दिवशी आत्याचा ठरलेला ऑटोवाला आला नव्हता, हे मला ठाऊक असतं तर मी मलमल बाहेर काढलीच नसती.) शेवटी तुमचा खास मुद्दा वापरला, की आपल्या घराण्यातल्या बायका असं करत नाहीत, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "फार-फेच्ड. म्हणजे फार लांबून ओढून आणलेला. हा तर पुण्याहून आणलाय." काका, ती हसत म्हणाली, तुम्ही वाईट वाटून घेऊ नये.

मग मी अवंतिकाला पाठवलं. ती गोड बोलते, हे तुम्हीही कबूल करता. ती म्हणाली, आत्या, तुम्ही मागच्या सीटवर बसून जाता तेव्हा कशा राणीसारख्या दिसता, ते सोडून स्टिअरिंग कशाला हातात घेता? आत्याने तिला जवळ घेतलं, गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "स्पेशस." मला नंतर समजावून सांगितलं की, स्थळ दिसायला देखणं असावं आणि चौकशी केली की मुलाला नोकरीच नाही, त्यातला हा प्रकार. अवंतिकाला मात्र ते 'स्पेशल' असं ऐकू आलं. तिने भिशीत सगळ्यांना सांगितलं. मी दुरुस्ती केलेली नाही.

शेवटी वैतागून मी विचारलं, "आत्या, आमचे सगळे मुद्दे तू नापास केलेस. तुझ्या बाजूचा मुद्दा तरी काय आहे?"

"मला चालवायचीय," ती म्हणाली. "मी तुला कुठे पटवत बसलेय?"

 तेव्हा ठरवलं की रोखता येत नाही तर निदान नजर ठेवावी. म्हणून तोमर मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत तिच्या मागे बसून जायला लागलो. आणि एका सकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, इंदरगंज चौराह्याच्या बरोब्बर मधोमध गाडी बंद पडली. आत्याने चावी फिरवली, गाडीने हिसका दिला आणि पुन्हा बंद. चारी बाजूंनी हॉर्न. एक ई-रिक्षावाला आमच्या काचेला नाक लावून बघत होता. तोमर मास्तर नुसते "माताजी, क्लच... माताजी, क्लच..." असं पुटपुटत होते. तेवढ्यात ट्रॅफिकचा शिपाई आला. मी मागून डोकं बाहेर काढून म्हटलं, "भाईसाहब, मॅडम की तबियत अचानक खराब हो गई है।"

आत्याने वळून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "लेम," म्हणाली. लंगडं कारण! आणि शिपायाला म्हणाली, "भैया, तबियत बिलकुल ठीक है। गाड़ी मुझसे बंद हुई है। सीख रही हूँ। दो मिनट दीजिए, और ज़रा इनका हॉर्न बंद करवाइए।"

 शिपायाने दोन्ही हात वर केले आणि अख्खा चौराहा थांबवला. बस थांबली, ठेले थांबले, लग्नाचं सामान घेऊन निघालेला टेम्पोही थांबला. एका सत्तरीच्या बाईने त्या शांततेत पदर खोचला, क्लच दाबला, गाडी सुरू केली आणि हळूहळू फूलबागेच्या रस्त्याला नेली. माझी छाती अशी काही फुगली की जणू क्लच मीच दाबला होता.

पुढे सावलीत तिने गाडी उभी केली. तोमर मास्तर पाणी प्यायला उतरले.  मी म्हटलं, "तू बिलकुल घाबरली नाहीस हं आत्या!" तिने या वेळी शेरा मारला नाही. म्हणाली, "घाबरले ना.  दादाला म्हणावं, त्याला माझी काळजी वाटते, ती खरीच आहे. मग तेवढंच सांग म्हणावं. काळजीला गुडघे कशाला जोडायचे?"

हे जसंच्या तसं कळवतो आहे. लायसन्स तिला पहिल्याच परीक्षेत मिळालं. गाडी मेळ्यातून मागच्या आठवड्यात आली, पांढरी, छोटीशी. तुम्ही तिला फोन करावा. समजवायला नको, नुसता करावा. काकूंना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (प्रयत्न करूनही),
गोविंद

ता. क. गाडी निवडताना तिच्यावर दबाव ठेवायला मीही मेळ्यात गेलो होतो. तिथे दुचाकींचाही मांडव असतो, हे मला आधी माहीत नव्हतं.

ता. क. दुसरा. मोटारसायकल लाल रंगाची आहे. आत्याच्या फाटकाआड उभी आहे. अवंतिकाला पटेल असं एखादं कारण उलट टपाली सुचवावं, किंवा ती मी तुमच्याच सांगण्यावरून घेतली असं तुम्ही तिला फोनवर सांगावं. आत्याकडे मदत मागून झाली. ती म्हणते, मी पेपर तपासते, लिहून देत नाही.

ता. क. तिसरा, आणि हे तातडीचं. अवंतिकाने काल ती फाटकाआड पाहिली. दुसरं नाव सुचेना, म्हणून मी सांगितलं, आमच्या ऑफिसातल्या एका गोविंदची आहे. ऑफिसात गोविंद मी एकटाच आहे, आणि उद्या आमच्या साहेबांच्या घरी तिला संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आहे.