पश्चिमेची बारकी खिडकी

२ मार्च
जिंकले! पश्चिमेला काच लागणार नाही!!
वालूरच्या बाजाराला जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसावी म्हणून मामंजींना नव्या घराची रस्त्याकडची, म्हणजे पश्चिमेची अख्खी भिंत काचेची हवी होती. मी नव्या घरांच्या ऊर्जाबचतीचे नियम काढून बसले. आठ वर्षं पेटीत पडलेली माझी सिव्हिलची पदविका जरा कामी आली! ते नियम गावात सक्तीचे नाहीत, हे मामंजींनी मलाच ऐकवलं. मग मी पिंकीचं नाव काढलं. माझी नणंद मेमध्ये बाळंतपणाला येणार – आणि मागच्या खेपेला या पत्र्याच्या घरात तिचं पोर घामोळ्यांनी सोलून निघालं होतं. शेवटी मामंजी म्हणाले,
"बारकी खिडकी कर. पण वरचा छज्जा दणकट दिसला पाहिजे."
छज्जा तर नियमातच आहे. बोलले नाही मी!

२१ मार्च
ऊन आत येऊ न देणाऱ्या पोकळ विटा आल्या. बजरंग म्हणाला, पोकळीचेही पैसे घेतले का? नवरा आहे, सोडून दिलं.

१९ एप्रिल
गच्चीला पांढरा रंग! शेजारचे तात्याराव विचारत होते, घराचं लगीन हाय का. मी भर दुपारी अनवाणी चालून दाखवलं. पाय भाजले नाहीत! (थोडे भाजले. थोडेच.) आत तर काय गार वाटतंय – मला नाचावंसं वाटलं.

८ मे
सगळं मुसळ केरात. फरशीवाला लांबला. फरशी होईपर्यंत धोंड्याचा महिना लागतो, त्यात शुभकार्य नाही, मग वास्तुशांतीचा मुहूर्त थेट जूनअखेर. मामंजी पंचांग बघितल्याशिवाय बैलसुद्धा विकत नाहीत.
"शांत न्हाई तोवर आत चूल न्हाई, खाट न्हाई."
जिच्यासाठी घर गार बांधलं ती पत्र्याखालीच! रडले. राग आला, मामंजींचा आणि फरशीवाल्याचाही.

२४ मे
पिंकीला मुलगी झाली! आज दवाखान्यातून घरी आणली. इवलीशी, नाक मामंजींचं! पण पत्र्याखाली पंखा नुसता गरम वारा फेकतोय. बाळ लालबुंद, दूध ओढेना. मामंजी दारात येऊन दोनदा बघून गेले.

२५ मे
दुपारी उठले तर बाळंतीण जागेवर नाही, खाटही नाही! धावत नव्या घराकडे गेले. वास्तुशांती नाही, धोंड्याचा महिना, वर बाळंतपणाचं सोयरही फिटलेलं नाही – आणि मामंजी दारात बसलेले.
"हळू ये. दूध प्याली. आत्ताच झोपली हाय."