एकतीस घरांची दारं

४ नोव्हें., मंगळ.
हाताने केलेलं, आजपर्यंत:
घरं ३१, सागाच्या कापातून. छपरं शाळेच्या जुन्या पाट्या फोडून, घासून. चर्च १, दार पश्चिमेला, घंटेच्या जागी घुंगरू. तीन कमानींचा पूल. पाणचक्की, फिरते. बायकांची धुण्याची जागा, छपरासह. चेस्टनटची झाडं ४४, तरोट्याच्या वाळल्या काड्यांची. लढाईत गेलेल्यांचा दगड १, त्यावर चौदा नावं, सुईने. नदी, फुटक्या शोकेसच्या काचेची.
माप दीडशेला एक. फळी सात फूट बाय सहा. गावाची उत्तर खोलीच्या उत्तरेला, होकायंत्राने धरलेली. नऊ वर्षं. शिकवलं कोणी नाही. एका सुताची चूक नाही.
आज घुंगरू बांधलं. फ्रान्समधलं मोर्व्हाल अहेरीत, माझ्या पुढच्या खोलीत, पूर्ण झालं.

६ नोव्हें., गुरु.
काम नाही घेतलं. गावाजवळ बसून होतो.
फ्रान्सच्या ओदिलबाई इथं दोन हिवाळे राहिल्या, सागाच्या पानावरच्या किडीचा अभ्यास करायला. किड्यांच्या पेट्या मी केल्या. पैसे देताना म्हणाल्या, तुझं गाव मी पाहिलं, आता माझं बघ. आणि जमिनीवर नकाशा पसरला. तो निघून जाताना मलाच दिला. नंतर पत्रं. कुठल्या घरात चेस्टनटच्या पिठाची भाकर होई, चौदा नावांतली दोन एकाच घरची कशी, शाळा बंद पडल्यावर माणसं कशी उतरत गेली खाली, शहराकडे. डोंगराच्या उतारावरचं गाव. उन्हाळा छोटा, थंडी लांब.
सकाळी माझ्या दारातून ऊन येतं आणि गावाच्या दारांवर पडतं. एकेक दार जागं झाल्यासारखं. मग मी पुलावरून आत जातो. चक्कीपाशी पाण्याचा आवाज येतो. मला येतो.

९ नोव्हें., रवि.
रजिया पोछा मारत होती. हिचं माहेर आरमोरीकडचं, बोलणं अजून तिकडचंच. म्हणाली, "तुमचा जीव त्या गावात, अन् माया पाय या गावाले अडकते." पाहुणे आले की भिंतीला चिकटून बसतात, हे खरं आहे.
मग फडकं पिळता पिळता:
"येवढी थंडी म्हणता तिथी. मंग बाया ऊन शेकाले कुठी बसतात?"
नकाशात ते नाही, असं म्हटलं. जरा जोरात म्हटलं.

१३ नोव्हें., गुरु.
फोटो काढले, बावीस. शाहीनने (माझी धाकटी) मोबाईलवरून पाठवले. ओदिलबाई आता एकोणऐंशीच्या. गावचं घर विकलं, शहरात मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहतात, गुडघे गेले. गावाला जाणं आता नाही. शाहीनला म्हटलं, खाली लिही, चूक दाखवा.
हे शेवटचं वाक्य मी तोऱ्यात लिहायला सांगितलं. नोंद असू द्यावी.

१४ नोव्हें., शुक्र.
साडेतीनला फोन. बाई अहेरीच्या बाजारात शिकलेलं मराठीच बोलतात, वीस वर्षांनीही. आधी फोटो मोजले, बावीस. मग पूल बरोबर, घंटा बरोबर, दगडावरचं आजोबांचं नाव बरोबर. मग हसल्या.
"हनीफभाऊ, समदी दारं उगवतीले काऊन?"
मी म्हटलं, मग कुठी?
"दक्षिणेले. थंडीत सूर्य तिथीच राह्यते. माई माय दारात बसे, ऊन घेत, शेंगा सोलत." मग म्हणाल्या, "मी फोटोत पुलावरून चालत घरी आली. पण माझं दारच नाई सापडलं."
फोन ठेवल्यावर रजियाकडे पाहिलं नाही.

१५ नोव्हें., शनि.
झोप कमी. कारण शोधलं, सापडलं.
नकाशावर नुसती छपरं, वरून दिसणारी. फोटो चर्चचा, चक्कीचा, आणि बाईंच्या घराचा मागच्या बाजूने. दारं कुठंच नाहीत. दारं मी बसवली, आणि कुठं बसवतोय हे स्वतःला विचारलंसुद्धा नाही. इथं दक्षिणेला दार कोणी ठेवत नाही. गिऱ्हाईक ठेवू देत नाही. सुतारकामाच्या बत्तीस वर्षांत एकही चौकट मी दक्षिणेला उभी केली नाही. हाताला ते येतच नाही. मोर्व्हालच्या एकतीस कुटुंबांना मी अहेरीचं करून टाकलं, अन् त्यांना थंडीत...

१६ नोव्हें., रवि.
चंद्रपूरकडचे एक रिसॉर्टवाले साहेब आले, कोणाकडून तरी ऐकून. गाव पाहून मागे फिरले, बूट बाहेर काढून परत आले. हॉलमध्ये मधोमध, काचेखाली ठेवायचं म्हणाले. वीस डिसेंबरच्या आत, सीझनच्या गर्दीआधी. त्यानंतर नको. आकडा सांगितला. रजिया चहा घेऊन आली होती, तिनेही ऐकला. तेवढ्यात मागे एक खोली होते, पक्की.
मी चूक सांगितली. साहेब म्हणाले, "कोणाले समजते इथी? अन् वाटलंच तर फळी फिरवून घ्या ना, हनीफभाऊ. झाली दारं दक्षिणेले."
फळी फिरवली तर चर्चचं दार उत्तरेला जातं आणि नदी भलतीकडे वाहते. समजावलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. विचार करून कळवतो, म्हटलं.

१९ नोव्हें., बुध.
एक घर करून पाहिलं, चक्कीवाल्याचं. छप्पर उतरवल्याशिवाय समोरची भिंत निघत नाही. पाटी ठिसूळ, तीन तुकडे गेले. अर्ध्या इंचाचं दार, पूर्ण दोन दिवस. एकतीस घरं. वीस डिसेंबर जमत नाही, कसंही मांडलं तरी.
रजियाने आकडा ऐकला आहे. नऊ वर्षं ती भिंतीकडून चालते आहे. त्या पैशातली मागची खोली तिच्यासाठी नुसता आकडा नाही, खरोखरची खोली आहे. हे मला माहीत आहे.

२३ नोव्हें., रवि.
तिला म्हटलं, ऊन कुठी शेकतात हे तू आधीच विचारलं होतं.
"हो. तुम्ही वरडले."
म्हटलं, हो.
बस्स. एवढंच झालं.

२ डिसें., मंगळ.
सहा घरं झाली. बाईंचं शेवटी करणार. दार मधोमध होतं की डावीकडे, विचारलं आहे. पाच दिवस झाले, उत्तर नाही. त्यांच्या मुलाचा नंबर शाहीनकडे आहे. लावू नको म्हटलं, उद्या पाहू.
दुपारी दुकानातून आलो तर दक्षिणेच्या खिडकीपुढची शिलाई मशीन जागेवर नव्हती. रजियाने एकटीने ओढून कोपऱ्यात नेली होती. खिडकीतून ऊन तिरपं आत आलेलं, थेट फळीपर्यंत. सहा दारांत ऊन. बाकी पंचवीस घरांच्या कोऱ्या भिंतींवर. ती खाली बसून शेंगा निवडत होती, पाय नदीला लागू नयेत असे दुमडून.
मीही बसलो. पुलावरून आत गेलो. बाईंच्या घराशी थांबलो.
संध्याकाळी साहेबांना फोन करून नाही म्हटलं. एक लाख चाळीस हजार.